उन्हातला चेहरा आणि न सांगितलेला भाव

उघड्यावर, मोकळ्या उजेडात, तासाभराच्या आत रंगवलेल्या चेहऱ्यासमोर आपण उभे राहतो तेव्हा पहिला प्रश्न पडतो, हा कोण? त्याचे उत्तर मिळो न मिळो, पाठोपाठ दुसरा येतो: याच्या मनात काय चालले आहे? दिवाणखान्यात टांगलेल्या मोठ्या तैलचित्राला हा दुसरा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. तिथे पगडी, उपरणे, कोरीव खुर्ची, हाताखालचे पुस्तक यांनी उत्तर आधीच देऊन ठेवलेले असते. घाईतल्या रेखाटनाला असा आधार नसतो. गालावर उन्हाचा पट्टा, डोळ्यांच्या जागी दोन काळसर डाग, ओठांची एकच रेघ, आणि तरीही चेहरा काहीतरी सांगू पाहतो. एकाला त्यात थकवा दिसतो, शेजारी उभ्या असलेल्याला समाधान दिसते, आणि दोघांनाही आपलेच खरे वाटते.

मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली, तेव्हापासून मराठी मुलखात व्यक्तिचित्रण शिकवले गेले, नावाजले गेले, पदकांनी गौरवले गेले. साम्य कसे साधावे यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण साठलेले आहे. भाव किती सांगावा आणि किती सोडावा, यावर मात्र तुटकतुटकच बोलले गेले. रेखाटनातली संदिग्धता जाणकारही बऱ्याचदा कच्चेपणाच्या खात्यात टाकतात. मला ती या प्रकाराची खरी कमाई वाटते, आणि हा सगळा आढावा मी त्या बाजूने घेणार आहे.

सुरुवात वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनपासून करतो. मालेगाव तालुक्यातले हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे देशभरच्या जैनांना ठाऊक आहे. मूर्ती काळी, आणि ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे ही भाविकांची श्रद्धा. तीर्थंकराचा चेहरा घडवताना शिल्पकारापुढे विलक्षण अट असते: चेहरा वीतराग हवा, म्हणजे आनंद नको, दुःख नको, राग तर नकोच, आणि तरीही तो निर्जीव वाटता कामा नये. भाव काढून घेतलेला चेहरा समोरच्याला आपला भाव त्यात ठेवायला जागा देतो. शिरपूरला दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांमध्ये पूजेच्या हक्कांवरून दीर्घ वाद झाला. १९०५ साली पूजेचे वेळापत्रक ठरले, पुढे प्रकरण १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत आणि आपल्या काळात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मूर्तीला लेप, चक्षू, टिळा असावा की नसावा, हाही त्या वादातला मुद्दा होता. त्या वादात कुणाची बाजू घेण्याचे हे स्थळ नव्हे. चित्रकाराने मात्र एक गोष्ट मनाशी नोंदवावी: एका परंपरेत डोळे अर्धोन्मीलित, दृष्टी आत वळलेली, दुसऱ्या परंपरेत वरून बसवलेले उघडे डोळे भाविकाकडे पाहणारे. दगड तोच, नाक-ओठ तेच. डोळ्यांच्या त्या एवढ्याशा जागेवर सगळ्या चेहऱ्याचा भाव हलतो. माणसे त्यासाठी शतकभर झगडली, यावरून त्या जागेचे मोल कळावे.

शिरपूरहून वाशीम जवळच. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा राजा हरिषेण, आणि त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करवले. तसा शिलालेखच तिथे आहे. भावाच्या संदिग्धतेचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण याच लेण्यात सापडते. एक स्त्री मंचकावर कलंडलेली आहे, मान झुकलेली, पापण्या जड झालेल्या, भोवती धास्तावलेल्या सख्या. जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. या चित्रातल्या करुणेने ते भारावून गेले, आणि ‘मरणासन्न राजकन्या’ हे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे अभ्यासकांनी कथा जुळवली तेव्हा ही बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी ठरली: नवऱ्याने प्रव्रज्या, म्हणजे भिक्षुदीक्षा, घेतल्याचे कळून कोसळलेली. म्हणजे ती मरत नाहीये. चित्रातली एकही रेषा बदलली नाही, पण मृत्यूच्या छायेचा विरह झाला. ज्याने ही मान रंगवली त्याने वेदना अचूक पकडली आणि वेदनेचे कारण मानेत लिहिले नाही. ते भोवतीच्या प्रसंगावर सोडले. म्हणून कथा विसरली गेल्यावरही चित्र शतकानुशतके बोलत राहिले.

रशियन चित्रपटकार कुलेशोव्ह यांनी शतकभरापूर्वी हेच दुसऱ्या वाटेने दाखवले. नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याशेजारी, शवपेटीशेजारी जोडला, आणि प्रेक्षकांना त्यात कधी भूक, कधी शोक दिसला. चेहरा कारण सांगत नाही, आपण ते शेजारून उचलून आणतो.

वत्सगुल्माची आणखी एक आठवण इथे नोंदवायला हवी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातल्या वत्सगुल्म नगरातच लावला आहे. त्याच्या थोडे आधी काश्मीरात आनंदवर्धनाने सांगून ठेवले होते की काव्याचा आत्मा ध्वनी, म्हणजे उच्चारलेल्या अर्थापलीकडे जाणवणारा अर्थ. कवितेच्या बाबतीत हे आपण सहज मानतो. चित्रातल्या चेहऱ्यापुढे मात्र आपण लगेच विचारतो, ‘हा हसतोय की रडतोय?’ आणि उत्तर न मिळाल्यास चित्रकाराला दोष देतो. चित्राच्या वाट्याला ध्वनीची मुभा इतकी कमी का यावी?

आता उजेडाकडे येऊ, कारण उघड्यावरच्या चेहऱ्याचा भाव निम्माअधिक उजेडच ठरवतो. कलाशाळेच्या वर्गात उत्तरेच्या खिडकीतून येणारा प्रकाश वापरतात. तो दिवसभर जवळपास तसाच राहतो, थेट ऊन आत येत नाही. त्यात नाकाची सावली एकदा बसली की बसली. बाहेर सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. पंचवीस-तीस मिनिटांत नाकाखालची सावली ओठावर उतरते, कपाळावरचा उजेड निघून जातो, आणि सुरुवातीला पाहिलेला माणूस समोर उरतच नाही. जो आधीच्या सावलीत डोळे आणि नंतरच्या सावलीत तोंड रंगवतो, त्याच्या चित्रात दोन वेळांचे दोन भाव एकमेकांत घुसतात. ही संदिग्धता कच्ची. तिचे कौतुक करण्यासारखे काही नाही. मुरलेला चित्रकार पहिल्या पाच मिनिटांत सावल्यांचे आकार बांधून टाकतो आणि नंतर ऊन कुठेही जावो, त्या आकारांना धरून राहतो.

शिरपूर साधारण वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तिथे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या उजेडात माणसाला बसवून पाहा: भुवयांखालच्या खोबणी काळ्या पडतात, डोळे त्यात बुडतात, नाकाचा शेंडा आणि गालाची हाडे पांढरी फटक होतात. डोळे दिसत नाहीत म्हणजे भावाचे मुख्य दार बंद. अशा वेळी अननुभवी हात ठाऊक असलेले डोळे काढून बसवतो, बाहुल्यांत चमक ठेवतो, आणि चेहरा दुकानातल्या बाहुलीसारखा टक लावून पाहू लागतो. खोबणी तशीच ठेवण्याचे धैर्य असेल, तर त्या अंधारात पाहणारा स्वतः डोकावतो. टोपी, फेटा, डोक्यावरचा पदर हीच मदत करतात: कपाळापासून ओठांपर्यंत सलग सावली, आणि त्या सावलीत जमिनीवरून परतलेला उजेड. काळ्या मातीच्या वावरात तो मंद असतो, पिकलेल्या गव्हाजवळ पिवळट, कोकणातल्या जांभ्या दगडाच्या अंगणात तांबूस. हनुवटीखाली हा परतीचा उजेड नीट लागला की डोळे न काढताही माणूस जागा असल्याची खात्री पटते.

उन्हात आणखी एक फसगत होते. माणूस डोळे बारीक करतो, गाल वर चढतात, ओठांचे कोपरे ताणले जातात. शरीराने केवळ उन्हापासून बचाव केलेला असतो. कागदावर ते मिस्कील हसू होते, कधी चीड, कधी संशय. उलट, वीस मिनिटे एका जागी बसल्यावर चेहऱ्याचे स्नायू सैल पडतात, ओठ खाली येतात, आणि आपण त्याला उदासी म्हणू लागतो. समोर बसलेल्या बाईला कदाचित घरी जाऊन भाकरी टाकायची घाई असेल. रेखाटनातल्या उदास चेहऱ्यांपैकी कितीतरी निव्वळ बसून कंटाळलेले असतात, हे समजून घेतले की भावाबद्दलचे आपले निवाडे जरा जपून होऊ लागतात.

पावसाळी उजेडाची तऱ्हा वेगळी. ढगाळ आभाळाखाली सावल्यांना कडा नसतात, चेहरा सौम्य होतो. लिओनार्दोने चित्रकारांना सांगितले होते की संध्याकाळी आणि मळभाच्या दिवशी रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे पाहा, किती गोडवा आणि मार्दव असते त्यांत. ‘मोनालिसा’च्या ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरे त्याने याच धुरकट उजेडात विरघळवले. कलेतिहासकार गोम्ब्रिख यांनी १९६० च्या ‘आर्ट अँड इल्यूजन’मध्ये त्याचा उलगडा केला: भाव ठरवणाऱ्या नेमक्या जागाच मोकळ्या सोडल्या की उरलेले काम पाहणारा करतो. २००० साली मार्गारेट लिव्हिंगस्टन या मज्जाशास्त्रज्ञ बाईंनी त्यात भर घातली. ते हसू गालाच्या मोठ्या, मऊ छायेत आहे. नजर डोळ्यांवर असते तेव्हा कडेच्या नजरेला ते जाणवते, थेट ओठांकडे पाहिले की निसटते. उघड्यावर मोठ्या कुंचल्याने काम करणाऱ्याच्या हाती ही मोठी छाया आपोआप येते. बारीक कुंचला घेऊन ओठांचे कोपरे ‘पक्के’ करायला बसला की ती हातची जाते. ‘चित्र मारलं’ असे चित्रकार म्हणतात ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर घडलेले असते.

युरोपात उघड्यावरच्या चेहऱ्याचा हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऐरणीवर आला. सार्जंटने १८८५ आणि १८८६ च्या शरदात बागेत कंदील लावणाऱ्या दोन मुली रंगवल्या. हवा तो संधिप्रकाश दररोज काही मिनिटेच टिकायचा. मोनेने १८८६ मध्ये छत्री घेतलेली तरुणी टेकाडावर उभी केली आणि तिचा चेहरा जवळजवळ पुसूनच टाकला. वारा, गवत, झिरझिरीत ओढणी यांनीच तिचा भाव सांगावा, असा तो प्रयोग होता. मला तो धाडसी वाटतो, पण थोडा दूरचाही. त्यात माणूस निसर्गाचा एक रंग होऊन राहतो. चेहरा ठेवून त्याला उघडा ठेवणे अधिक कठीण.

आपल्याकडे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्यापासून हा धागा धरता येतो. त्यांच्या हाताला रेखाटनाची विलक्षण सवय होती; रस्ते, बाजार, जत्रा, लग्नघरे त्यांच्या कागदांवर उतरली. एडवर्ड्‌स यांच्या मुंबईवरच्या पुस्तकासाठी आणि ऑटो रॉथफेल्ड यांच्या १९२० च्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी त्यांनी चित्रे दिली. या दुसऱ्या पुस्तकात अडचण दिसते. जात, प्रांत, धंदा यांच्या नावाखाली स्त्री उभी राहते आणि नमुना होते. १८६८ ते १८७५ दरम्यान निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांनी छायाचित्रांतून जी सवय लावली, तीच इथे रंगात आली. पाटी चेहऱ्याआधी वाचली जाते. धुरंधरांच्या सुट्या रेखाटनांत मात्र बायका पाटीशिवाय येतात: कुणी ओझे सावरताना, कुणी मागे वळून पाहताना. तिथे त्या खरोखर कुणीतरी असतात, आणि काय विचारात आहेत ते आपल्याला सांगत नाहीत. त्यांचे १९४० चे आत्मकथन ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ वाचणाऱ्याने ती रेखाटनेही शेजारी ठेवून पाहावीत.

गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांच्या ‘डोल्चे फार निएन्ते’ या चित्राला १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. नावाचा रोख निवांतपणाच्या गोडीकडे. आरामखुर्चीत रेललेली स्त्री त्या नावाला पुरती दाद देत नाही, हे त्या चित्राचे मोठेपण. निवांतपणाच्या तळाशी काहीतरी आहे, आणि ते नावात मावत नाही. सावळाराम हळदणकरांची दीप धरलेली तरुणी तर घराघरांत पोचली. जलरंगातले ते चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, पुष्कळ लोक ते रविवर्म्याचे समजतात, आणि त्यासाठी उभी राहिली होती हळदणकरांची मुलगी. दिव्याचा उजेड सगळा भाव चेहऱ्यावर गोळा करतो. पाहणाऱ्याला दुसरीकडे जाऊ देत नाही. त्या चित्राबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी दिव्याच्या उजेडाने मराठी रसिकाला भाव लगेच कळण्याची गोडी लावली आणि उन्हातल्या उघड्या चेहऱ्याकडे पाहण्याची सवय मागे पडली, असे मला वाटते. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी ती गोडी आणखी वाढवली. स्टॉलवर टांगलेल्या मुखपृष्ठाला लाज, विरह, उत्सुकता पाहताक्षणी कळवावीच लागते.

मोकळ्या हवेत चेहरा सैल सोडण्याचे काम मराठी मुलखाच्या बाहेर, इंदूरला, जास्त झाले. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी विद्यार्थ्यांना घाटावर, गल्लीबोळांत रंगपेटी घेऊन बसवले. नारायण श्रीधर बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन त्याच आवारातून आले. हुसेन पंढरपूरचे. तान्हेपणीच आई गेली, चेहरा आठवणीत राहिला नाही. पुढे त्यांच्या चित्रांतली आई चेहऱ्यावाचून आली, नुसत्या लुगड्याच्या घडीत आणि मांडीच्या आकारात. मोनेने पुसलेला चेहरा प्रकाशासाठी होता. हुसेन यांनी रिकामा ठेवलेला चेहरा एका खऱ्या अभावाचा आहे, म्हणून तो अंगावर येतो.

कोल्हापूरला अबालाल रहिमान यांनी रंकाळा, पंचगंगा यांच्या उजेडात माणसे इतकी लहान ठेवली की भाव सगळा पाण्यात आणि आभाळात गेला. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांत रवी परांजपे आणि जॉन फर्नांडिस होते. वासुदेव कामत यांना २००६ साली पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि व्यक्तिचित्राला उतरती कळा लागली म्हणणाऱ्यांना त्यातून उत्तर मिळाले. आज प्रात्यक्षिकांना गर्दी होते, रविवारी टोळ्या आउटडोअरला निघतात. मोबाइलवर फोटो काढून घरी चित्र ‘पूर्ण’ करण्याची रीतही बळावली आहे, आणि ती मला घातक वाटते. फोटोत एका क्षणाचा चेहरा गोठलेला असतो. अर्ध्या तासाच्या रेखाटनात दहा-बारा चेहरे एकावर एक बसतात: सावध, अवघडलेला, विसरलेला, पुन्हा भानावर आलेला. त्यांच्या बेरजेतून जो भाव उरतो त्याला नाव मिळत नाही. फोटोवरून तो कुठून यायचा?

हे सगळे मला वाशीम जिल्ह्यात का तपासावेसे वाटते, तेही सांगायला हवे. २००६ साली केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा यांच्याबरोबर वाशीमही त्यात होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख खरे होते आणि आहे. त्या काळापासून या भागातल्या शेतकऱ्याचा चेहरा मात्र वर्तमानपत्रांनी, फलकांनी, प्रदर्शनांनी एकाच भावात बांधला: कपाळाला हात, नजर आभाळाकडे, तडकलेली जमीन. आता बाहेरचा चित्रकार इथे येऊन एखाद्या म्हाताऱ्याला पारावर बसवतो तेव्हा पॅकेजची बातमी त्याच्या कुंचल्याआधी कागदावर उतरलेली असते. सुरकुत्या म्हणजे दुःख, असे समीकरण तयार असते. समोरचे आजोबा कदाचित नातवाच्या बारावीच्या निकालावर खूश असतील, सोयाबीनच्या भावावर चिडलेले असतील, किंवा गुडघा दुखतो म्हणून तोंड वाकडे करीत असतील. हे सगळे एकाच सकाळी त्यांच्या मनात असेल. उन्हाने बारीक झालेल्या त्या डोळ्यांना शोकाची एकच पाटी लावणे, म्हणजे धुरंधरांच्या काळात जातीची पाटी लावली जाई तेच पुन्हा करणे. म्हणून इथे संदिग्धता शैलीच्या पलीकडे जाते. ज्याचा चेहरा आपण उसना घेतो, त्याच्या मनाचा हक्क त्याच्याकडेच ठेवण्याची ती रीत आहे.

याचा अर्थ धूसर रंगवा असा कुणी घेऊ नये. सोळाव्या लेण्यातली मान अचूक आहे. मोनालिसाच्या कवटीची घडण अचूक आहे. भाव उघडा ठेवायचा तर बाकी सगळे पक्के लागते: डोक्याचा कल, मानेचा ताण, खांद्यांची उंची, सावलीची योग्य गडदता, आभाळाच्या निळ्या छटेने कपाळावर केलेला बदल. हात कुठे ठेवलेत, हे तर तोंडापेक्षा जास्त सांगते. एवढे जमले की ओठांचे कोपरे सोडून देता येतात. ते न जमता सोडलेले कोपरे नुसते राहून गेलेले दिसतात, आणि जाणकाराला हा फरक चार हातांवरून कळतो.

एका बाबतीत आपल्या संस्थांनी लक्ष घालायला हवे. ही रेखाटने प्रदर्शनात क्वचित लागतात, विकली गेली तर स्वस्तात जातात, आणि चित्रकार गेल्यावर रद्दीत निघतात. मोठ्या कॅनव्हासची पूर्वतयारी एवढीच त्यांची नोंद होते. शाळेतही तसेच. शिरपूरसारख्या गावातल्या मुलांची चित्रकलेशी गाठ पडते ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांतून, तिथे माणूस येतो तो स्मरणचित्रात, जत्रेतला किंवा पाणवठ्यावरचा, आणि त्याच्या चेहऱ्याकडे कुणी पाहत नाही. कलाशिक्षकाने एखाद्या शनिवारी मुलांना शिरपूरच्या जुन्या देवळाच्या दगडी भिंतीपाशी नेऊन एकमेकांचे चेहरे सकाळच्या आणि दुपारच्या उन्हात रंगवायला लावले, तर उजेड भाव कसा बदलतो हे वर्षभराच्या तासांपेक्षा तिथे लवकर कळेल.

राहता राहिले नाव. ‘प्रतीक्षा’, ‘व्यथा’, ‘विरक्ती’ अशी नावे चित्राखाली आली की पाहणाऱ्याचे काम संपते. उघड्यावरच्या चेहऱ्याखाली गाव, महिना आणि घड्याळाची वेळ लिहावी, आणि ज्याचा चेहरा आहे त्याची संमती असेल तर त्याचे नाव. त्या उन्हाची वेळ कळली की सावल्यांचा अर्थ पाहणारा आपला आपण लावतो. चित्र पूर्ण झाल्यावर ते आधी बसलेल्या माणसाला दाखवावे आणि तो काय म्हणतो तेही मागच्या बाजूला लिहून ठेवावे.